डुलकी मोजायची तर घड्याळ लावावं लागतं

समृद्धी महामार्गावर जालना किंवा संभाजीनगरच्या हद्दीत अपघात झाला की बातमीच्या शेवटी पुष्कळदा एक ओळ असते: चालकाला डुलकी लागल्याचा प्राथमिक अंदाज. चालक दारू प्यायला होता का, हे पोलीस फुंकर मारायला लावून जागच्या जागी सांगू शकतात. झोप किती आली होती, हे सांगणारं असं यंत्र कुणाकडेच नाही. दारू रक्तात असते, श्वासात उतरते. जागेपणी साचत जाणारं अॅडेनोसिन मेंदूच्या आत असतं, ते फुंकरीत सापडत नाही. ढाब्यावरच्या चहातलं कॅफिन या अॅडेनोसिनची बसायची जागा अडवून धरतं. झोप तेवढ्यापुरती झाकली जाते, फिटत नाही.

मग झोप मोजायची कशी? हा प्रश्न सगळ्यात जास्त अडतो तो स्लीप अॅप्निया असलेल्या माणसांपाशी. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. शेतात अंथरलेला चपटा पाइप पाणी बंद केलं की मिटतो, तसा काहींचा घसा श्वास ओढताना मिटतो. छाती-पोट हलत राहतं, हवा आत जात नाही. असं किमान १० सेकंद झालं की एक अॅप्निया धरतात. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू काही सेकंद जागा होतो, घसा मोठ्या आवाजासह उघडतो आणि माणूस परत झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. श्वास पूर्ण थांबण्याच्या आणि अर्धवट अडण्याच्या अशा घटना तासाला ५ ते १५ असतील तर सौम्य, ३० च्या वर गेल्या तर तीव्र. ३० म्हणजे दर दोन मिनिटाला एक. आणि घरचे कौतुकानं सांगतात, किती गाढ झोपतेत बघा, घोरणं पार गल्लीत ऐकू येतं!

गंमत अशी की हा रात्रीचा आकडा दिवसाची झोप नीट सांगत नाही. एकाला तासाला ४० वेळा होऊनही तो ताजातवाना असतो, दुसरा १२ वरच कामावर पेंगतो. म्हणून दिवसाची झोप वेगळी मोजावी लागते.

सोपा मार्ग प्रश्नावलीचा. मेलबर्नच्या एपवर्थ हॉस्पिटलमधल्या मरे जॉन्स यांनी १९९१ साली तो काढला. आठ प्रसंग, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २४. दहाच्या वर गेलं की झोप जास्त समजायची. पण त्यातला एक प्रसंग आहे वाचत बसण्याचा, एक आहे रहदारीत काही मिनिटं थांबलेल्या कारमधला. औसा तालुक्यातला न शिकलेला शेतकरी याचं उत्तर काय देणार? तिथं बसच्या सीटवर, कीर्तनात, पारावर बसल्यावर काय होतं असं विचारावं लागतं, आणि प्रसंग बदलले की त्या दहाच्या रेषेवरही आंधळा विश्वास ठेवता येत नाही. शिवाय माणूस स्वतःबद्दल सांगतो. "मला कुठं झोप येती ओ डॉक्टर?" असं तो म्हणतो तेव्हा शेजारी बसलेली बायको म्हणते, "ताटावर बसल्या बसल्या डुलतेत की!" माझ्या मते फॉर्म दोघांकडून भरून घ्यावा. चालकाला परवान्याची आणि रोजीची भीती असते, तो गुण कमीच देणार.

इथं खरी सुंदर चाचणी येते. स्टॅनफर्डमध्ये मेरी कार्सकाडन आणि विल्यम डिमेंट यांनी १९७० च्या दशकात ती बसवली. विचार अगदी साधा: झोप किती आली आहे हे विचारू नका, झोपायची मोकळीक द्या आणि किती मिनिटात लागते ते बघा. आदली रात्र प्रयोगशाळेत नोंदवलेली असते. मग दिवसभरात दर दोन तासांनी चार-पाच वेळा अंधाऱ्या खोलीत आडवं करून सांगतात, डोळे मिटा आणि झोपायचा प्रयत्न करा. २० मिनिटात लागली नाही तर तो प्रयत्न संपला. या सगळ्या प्रयत्नांच्या मिनिटांची सरासरी काढतात. ८ मिनिटं किंवा त्याहून कमी आली तर झोप प्रमाणाबाहेर.

पण झोप लागली हे ठरवायचं कुणी? मेंदूतली वीज टिपणाऱ्या, डोक्याला चिकटवलेल्या तारांनी. डोळे मिटून जागं असताना डोक्याच्या मागच्या भागातून सेकंदाला ८ ते १३ वेळा झुलणाऱ्या अल्फा लहरी येतात. झोप लागायला लागली की त्या विरतात, ४ ते ७ च्या संथ, मिश्र लहरी येतात, आणि पापण्यांखाली बुबुळं सावकाश इकडून तिकडं तरंगतात. नोंद ३० सेकंदांच्या तुकड्यांत वाचतात. ज्या पहिल्या तुकड्यात १५ सेकंदांपेक्षा जास्त झोप दिसते तिथं घड्याळ थांबतं. काही माणसांत अल्फा लहरी नीट दिसतच नाहीत. तिथं संथ लहरी, बुबुळांची चाल आणि डोक्याच्या माथ्यावरून उठणारं लहरीचं टोकदार शिखर यांवर भागवावं लागतं. १४ सेकंद झोपलेला तुकडा मात्र जागाच धरला जातो, आणि याच जागी मी थबकतो. कारण १२० च्या वेगानं गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे १०० मीटर विनाचालक. या चाचणीला ती डुलकी झोप म्हणून दिसणारच नाही.

म्हणून चालकासाठी उलटा प्रश्न जास्त उपयोगी. मंद उजेडात खुर्चीत बसवून सांगतात, जागे राहा. ४० मिनिटं, चार वेळा. लगेच झोपू शकणं आणि झोप थोपवू शकणं या दोन वेगळ्या क्षमता आहेत. एकीत नापास झालेला दुसरीत पास होऊ शकतो. उपचारानं फरक पडला का, हे बघायलाही हीच चाचणी वापरतात.

मनगटावरच्या घड्याळाचा झोपेचा स्कोअर यातलं काहीच मोजत नाही. आणि रात्री गुदमरून दचकून उठणाऱ्याच्या छातीवर भूत बसतं म्हणून अंगारा लावत बसणं तर घातक आहे. त्यात महिने जातात, आणि ते सगळे महिने तो माणूस ट्रॅव्हल्सची रात्रपाळी करत असतो.

उपचार आहे. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये दाखवलं की नाकातून सतत थोड्या दाबानं हवा दिली तर घसा मिटत नाही. पाइपात पाणी भरून ठेवल्यासारखंच ते. हे सीपॅप मशीन लावल्यावरही काहींची दिवसाची झोप उरते. तेव्हा आधी मशीनच्या कार्डवरचे तास वाचावेत, रोज रात्री किती वेळ मास्क होता ते. मग सर्दीच्या गोळ्या, थायरॉइड, उदासपणा आणि मुळात झोपायला मिळालेले तास तपासावेत. एवढं करूनही झोप उरली तर चाचणी पुन्हा, मास्क लावून काढलेल्या रात्रीनंतर.