महाविद्यालयीन सामन्यांतील प्रेक्षकवर्तन (अमेरिका)

अमेरिकेतील महाविद्यालये व विद्यापीठे यांच्या क्रीडासामन्यांत प्रेक्षकांनी, त्यातही विद्यार्थी-प्रेक्षकांनी, कसे वागावे यासाठी तिथे नियम, दंड, संकेत व प्रबोधनाचे उपक्रम यांची एक मोठी व्यवस्था उभी राहिली आहे. आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांवरून या प्रश्नाच्या आकाराचा अंदाज येत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या एकट्या फुटबॉल स्टेडियमची अधिकृत आसनक्षमता १,०७,६०१ आहे (या नोंदीत फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल). बहुतेक मोठ्या विद्यापीठांत मैदानालगतचा एक भाग विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवतात. तिथे बसून पाहुण्या संघाला नकोसे करून सोडणे हे त्यांचे जवळपास कर्तव्यच मानले जाते. विद्यापीठालाही हा गोंगाट हवा असतो, कारण घरच्या मैदानाचा फायदा त्यातूनच मिळतो. म्हणजे आधी पोरांना चेतवायचे आणि मग आवरायचे, अशी ही दुहेरी कसरत आहे.

हार्वर्ड आणि येल यांच्यात १८५२ साली झालेली नौकाशर्यत ही अमेरिकेतील पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा मानतात. रटगर्स व प्रिन्स्टन यांच्यातला पहिला फुटबॉल सामना १८६९चा. सुरुवातीची चिंता प्रेक्षकांची नव्हती, खेळाडूंच्या जिवाची होती. १९०५ साली फुटबॉलमधल्या मृत्यूंमुळे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना प्रमुख विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घ्यावे लागले. त्या खळबळीतून पुढे ‘एनसीएए’ ही महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था आकाराला आली. परस्परांविषयी आदर, सभ्यता, प्रामाणिकपणा ही मूल्ये तिच्या नियमावलीत नमूद आहेत आणि ती प्रेक्षकांनाही लागू धरली जातात. पण प्रत्यक्षात शिस्तीचा दंडुका एनसीएएपेक्षा ‘कॉन्फरन्स’ म्हटल्या जाणाऱ्या विभागीय संघटनांच्या हाती असतो.

लेखी नियमांपेक्षा जुने संकेत कधीकधी जास्त बळकट ठरतात. भूदल व नौदल अकादमींच्या फुटबॉल सामन्यावरून १८९३ साली इतके वितुष्ट आले की पुढची काही वर्षे, १८९९पर्यंत, तो खेळवलाच गेला नाही. आज त्याच सामन्याअखेर दोन्ही संघ एकत्र उभे राहून आधी हरलेल्या अकादमीचे गीत गातात आणि मग जिंकलेल्या अकादमीचे. आपले गीत नंतर गायले जाणे म्हणजेच विजय.

या विषयातले सर्वांत बोलके प्रकरण ड्यूक विद्यापीठाचे आहे. नॉर्थ कॅरोलायनातील या खासगी विद्यापीठाचे कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम हे बास्केटबॉलचे बंदिस्त मैदान जेमतेम ९,३१४ आसनांचे. पण तिथले विद्यार्थी खेळाडूंच्या इतके जवळ बसतात की त्यांची प्रत्येक शेरेबाजी स्पष्ट ऐकू जाते. जानेवारी १९८४मध्ये मेरिलँडविरुद्धच्या सामन्यात पाहुण्यांच्या एका खेळाडूवरील लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपावरून या विद्यार्थ्यांनी त्याची हुर्यो उडवली आणि मैदानात अंतर्वस्त्रे फेकली. वृत्तपत्रांतून टीका झाली. विद्यापीठाचे अध्यक्ष टेरी सॅनफर्ड हे राज्याचे माजी गव्हर्नर होते. त्यांनी ना चौकशी समिती नेमली, ना कोणाला निलंबित केले. १७ जानेवारीला त्यांनी सर्व विद्यार्थ्यांना एक पत्र लिहिले आणि खाली सही केली ‘टेरीकाका’. आपली कीर्ती अश्लीलतेसाठी होऊ लागली आहे, चिडवायचे तर ऐटीत चिडवा, असा त्याचा सूर होता.

पुढचा घरचा सामना मायकेल जॉर्डन खेळत असलेल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाशी होता. विद्यार्थी डोक्यावर तारेची आणि चंदेरी कागदाची देवदूतांसारखी प्रभावळ लावून आले. पाहुण्यांच्या स्वागताचे फलक झळकले. फ्री थ्रोच्या वेळी आरडाओरड करण्याऐवजी, कृपया नेम चुकवा, अशी विनंती करणारे फलक धरले गेले. पंचांचा निर्णय पटला नाही तेव्हा नेहमीच्या शिवीऐवजी, आमचे मत जरा वेगळे आहे, अशी घोषणा एका सुरात दुमदुमली. ड्यूक सामना हरले, पण त्या दिवसाची चर्चा अजून होते. ड्यूकचे विद्यार्थी त्यानंतर कायमचे सभ्य झाले असे मात्र कोणी म्हणणार नाही. तरीही सॅनफर्ड यांनी विद्यार्थ्यांच्या भीतीला नव्हे, चतुराईला हात घातला होता, आणि एवढा झटपट परिणाम नंतरच्या कुठल्याही दंडाला साधलेला दिसत नाही.

शिव्यांवर सरळ बंदी का घालत नाहीत? कारण सरकारी विद्यापीठ हे कायद्याने शासनाचे अंग असते आणि त्याच्यावर अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीचे बंधन असते. लष्करभरतीविरुद्ध अश्लील शब्द लिहिलेले जाकीट घालून न्यायालयाच्या आवारात फिरणाऱ्या तरुणाची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली रद्द केली, तेव्हापासून केवळ असभ्य शब्दासाठी शासनाला शिक्षा करणे अवघड झाले. २००४ साली ड्यूकविरुद्धच्या सामन्यात मेरिलँडच्या प्रेक्षकांनी अर्वाच्य घोषणा दिल्या. काळजीपूर्वक मर्यादा घालणारा नियम घटनेत बसू शकेल, असा सल्ला राज्याच्या महान्यायवादी कार्यालयाने दिला, पण विद्यापीठाने विद्यार्थ्यांनाच पुढाकार घ्यायला सांगणे पसंत केले. खासगी विद्यापीठांना ही अडचण नसते. वस्तू फेकणे, धमकावणे, मैदानात घुसणे यांना हे संरक्षण कुठेच मिळत नाही.

जिवाला धोका असतो तो या शेवटच्या प्रकारात. जिंकल्यावर हजारो प्रेक्षकांनी मैदानात धाव घेणे, गोलपोस्ट उपटणे हा तिथे जल्लोषाचा रूढ प्रकार आहे. ३० ऑक्टोबर १९९३ला विस्कॉन्सिनने मिशिगनला हरवले, तेव्हा विद्यार्थी विभागातून खाली लोटलेली गर्दी कठड्यांवर चेंगरली आणि ७०हून अधिक जण जखमी झाले. २००१ साली इंडियानातील बॉल स्टेट विद्यापीठात कोसळलेल्या गोलपोस्टखाली सापडून एका विद्यार्थ्याला अपंगत्व आले. २००५ साली मिनेसोटा विद्यापीठाच्या मॉरिस येथील संकुलात एकाचा जीवच गेला. अलीकडे खेळाडूही सुटत नाहीत. जानेवारी २०२४मध्ये आयोवाची बास्केटबॉलपटू केटलिन क्लार्क मैदानात धावत आलेल्या प्रेक्षकावर आदळून पडली, तर पुढच्याच महिन्यात ड्यूकचा काइल फिलिपोव्स्की अशाच गर्दीत दुखावला.

साउथईस्टर्न कॉन्फरन्सने २००४पासून मैदानात घुसण्यावर दंड ठेवला आहे. पहिल्या गुन्ह्याला ५,००० डॉलर इथून सुरुवात झाली, २०१५ आणि २०२३मध्ये रकमा वाढल्या आणि २०२५मध्ये सरसकट प्रत्येक वेळी ५ लाख डॉलर झाल्या. ऑक्टोबर २०२२मध्ये टेनेसीने अलाबामाला ५२-४९ असे हरवले. प्रेक्षकांनी गोलपोस्ट उपटून थेट टेनेसी नदीत बुडवले. विद्यापीठाला १ लाख डॉलरचा दंड झाला आणि नव्या गोलपोस्टसाठी त्याने चाहत्यांकडूनच वर्गणी मागितली! दोन वर्षांनी व्हॅन्डरबिल्टने अलाबामाला नमवले आणि गोलपोस्ट कम्बरलँड नदीत गेले. दंड भरणार विद्यापीठ, आठवण राहणार पोरांची, मग दंडाची रक्कम कितीही वाढवली तरी त्यांना त्याचे काय? त्या मानाने दोन तरतुदी शहाणपणाच्या वाटतात. कॉन्फरन्समधल्या सामन्यांचा दंड २०२३पासून पाहुण्या विद्यापीठाला मिळू लागला, आणि पाहुणा संघ व पंच सुखरूप बाहेर पडेपर्यंत गर्दी थोपवून धरली तर दंड माफ होऊ शकतो असे २०२५मध्ये ठरले. जल्लोष थांबवण्यापेक्षा पाच मिनिटे लांबवणे जमण्यासारखे आहे.

वस्तू फेकण्याच्या प्रकाराला मात्र कोणी हसण्यावारी नेत नाही. २०२१ साली टेनेसीच्या प्रेक्षकांनी ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) संघावर बाटल्या फेकल्या. मोहरीच्या सॉसची बाटली मैदानात आली, गोल्फचा चेंडू पाहुण्या प्रशिक्षकाला लागला. खेळ सुमारे २० मिनिटे थांबला आणि विद्यापीठाला अडीच लाख डॉलर मोजावे लागले. टेक्सास टेक विद्यापीठात सामना सुरू होताच टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकन पोळ्या, भिरकावण्याची जुनी प्रथा आहे. बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सने २०२५च्या हंगामात त्यावरही इशाऱ्यानंतर १५ यार्डांची शिक्षा लावली, म्हणजे यजमान संघाचे खेळात तेवढ्या अंतराचे नुकसान. प्रेक्षकाच्या हातातल्या पोळीची किंमत इथे त्याच्या लाडक्या संघाला मोजावी लागते, म्हणून ही शिक्षा डॉलरपेक्षा जास्त झोंबते.

इतर उपाय फारसे नाट्यमय नाहीत. शिवीगाळ करणाऱ्याचा आसनक्रमांक एसएमएसने कळवण्याची सोय अनेक मैदानांत असते, सामन्यापूर्वी वर्तनाची उद्घोषणा होते. दारूबाबतचा वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचा प्रयोग वरकरणी उलटा वाटतो. २०११ साली त्यांनी स्टेडियममध्ये बिअरविक्री सुरू केली, पण मध्यंतरात बाहेर जाऊन पिऊन परत येण्याची मुभा काढून घेतली आणि पोलिसांकडे जाणाऱ्या तक्रारी कमी झाल्या. इंडियानातील टेलर या छोट्या विद्यापीठाने तर गोंगाटालाच शिस्त लावली आहे. डिसेंबरातल्या एका बास्केटबॉल सामन्यात यजमानांचा दहावा गुण होईपर्यंत खच्चून भरलेले सभागृह चिडीचूप बसते, आणि तो गुण होताच छत फाटेल असा कल्लोळ उठतो.

२०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने राज्यांना खेळांवरील सट्टा कायदेशीर करण्याची वाट मोकळी झाली आणि त्रास देणारा प्रेक्षक मैदानाबाहेरही सापडू लागला. पैज हरलेला माणूस थेट खेळाडूच्या समाजमाध्यम खात्यावर धमक्या लिहितो. एनसीएएने सिग्निफाय या संस्थेकडून करवलेल्या पाहणीत अपमानकारक ठरलेल्या मजकुरांपैकी सुमारे १२ टक्के सट्ट्याशी जोडलेले आढळले. या प्रेक्षकाकडे ना तिकीट असते ना आसनक्रमांक. त्यामुळे विद्यापीठांची नियमावली त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि महाविद्यालयीन खेळाडूंच्या वैयक्तिक कामगिरीवरील पैजा राज्यांनी बंद कराव्यात, अशी मागणी एनसीएए करत आहे. काही राज्यांनी ती मान्य केली आहे.