माशिको

जपानच्या तोचिगी प्रांतातील कुंभारांचे गाव. टोकियोच्या उत्तरेस सुमारे १०० किमी.वर, भातखाचरे आणि झाडीच्या टेकड्या यांमध्ये वसलेले. जवळच्या कासामा येथे काम शिकलेल्या ओत्सुका केइझाबुरो याने १८५३ मध्ये येथे पहिली भट्टी घातली. माती भरड, रेताड. नाजूक घाट तिला मानवत नाही. म्हणून इथली भांडी अंगाने जाड. रांजण, बरण्या, वाटणाचे खाचदार वाडगे, किटल्या असा टोकियोच्या स्वयंपाकघरांचा माल येथून जाई. मिनागावा मासू या बाई किटल्यांवर डोंगर-पाण्याचे तेच एक चित्र दिवसाला शेकड्यांनी काढत.

गावाची दिशा बदलली ती कुंभार हमादा शोजी (१८९४–१९७८) यांच्यामुळे. टोकियोत शिक्षण, मग इंग्लंडमध्ये इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच यांच्यासोबत सेंट आइव्ह्‌ज येथे भट्टी उभारण्याचे काम, आणि १९२४ मध्ये माशिको. झिलईसाठीही ते गावाबाहेर गेले नाहीत : इथल्याच दगडाच्या भुकटीची तांबूस ‘काकी’ झिलई, भाताच्या तुसाच्या राखेची दुधी ‘नुका’. निनावी कारागिराच्या रोजच्या वापरातील वस्तूंचे सौंदर्य मानणाऱ्या मिंगेई चळवळीचे ते एक आधारस्तंभ होते. ते भांड्यावर सही करीत नसत. मात्र ज्या लाकडी पेटीत भांडे जाई तिच्यावर सही असे, आणि घेणाऱ्याला तेवढे पुरे होई. १९५५ मध्ये सरकारने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला. निनावीपणाची थोरवी सांगणाऱ्या माणसाच्या नावावर एक गाव ओळखले जावे, हा विरोधाभास माशिकोत पावलोपावली भेटतो.

त्यांच्यामागून बाहेरचे लोक येत गेले. परंपरेने बांधलेल्या इतर कुंभारगावांत परक्याला चाकाजवळ जागा मिळणे कठीण; इथे शेतघर भाड्याने घेऊन भट्टी लावता येते. हमादांचे शिष्य शिमाओका तात्सुझो यांनी ओल्या मातीवर दोर फिरवून उठलेल्या खाचांत पांढरी माती भरण्याची पद्धत रुळवली; १९९६ मध्ये त्यांनाही तोच मान मिळाला. घाऊक कामही थांबले नाही : योकोकावा या रेल्वे स्थानकावर १९५८ पासून विकल्या जाणाऱ्या भाताच्या डब्याचे तपकिरी मडके इथलेच.

पाहुण्यांची गर्दी वसंतात आणि शरदात भरणाऱ्या कुंभारजत्रेला होते. ती १९६६ पासून चालू आहे. तेव्हा जोनाइझाका या दुकानांच्या रस्त्यावर कुंभार मांडव टाकून स्वतः विकायला बसतात. घासाघीस करू नये. भांडे मात्र उचलून, उलटे करून खुशाल पाहावे. बुडाशी झिलई नसलेली माती दिसते आणि कुंभाराचा हात तिथेच कळतो. निवांत पाहायचे तर जत्रा टाळलेलीच बरी. शनिवार-रविवारी माशिकोवरून जाणाऱ्या मोओका रेल्वेमार्गावर वाफेचे इंजिनही धावते.

हमादांचे घर, कार्यशाळा आणि देशोदेशींहून त्यांनी जमवलेल्या वस्तू १९७७ पासून सांकोकान संग्रहालयात पाहायला मिळतात. ‘सांको’ म्हणजे संदर्भ. माझ्या हातून सुटले ते या वस्तूंत पाहा, असा त्यामागचा भाव. अंगणात टेकडीच्या उतारावर चढत जाणारी खणाखणांची भट्टी आहे. मार्च २०११ च्या भूकंपात ती ढासळली. दुरुस्तीनंतर २०१५ मध्ये ती पुन्हा पेटवली, तेव्हा तिच्यात माशिकोच्या कुंभारांबरोबर कासामाच्या कुंभारांचीही भांडी रचलेली होती.