शाळेतील प्रयोगशाळेची खोली : ठाणे आणि नवी मुंबईची पार्श्वभूमी

ठाण्यातील जुन्या शाळांच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकले की आधी दिसतो तो शिक्षकांचा उंच ओटा. त्यावर कडप्पा, कडेला चिनी मातीचे बेसिन आणि मागे फळा. कडप्पा हा मुळात चुनखडीचा दगड असल्यामुळे हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडला की त्यावर फेस येतो आणि काळी तुकतुकीत फरशी तेवढ्यापुरती पांढुरकी, खरखरीत होते. मी पाहिलेल्या अशा खोल्यांत हे डाग शिक्षकांच्या बाजूलाच दाट होते आणि मुलांच्या बाकांवर जवळजवळ नव्हते. प्रयोग सरांनी करायचा आणि मुलांनी पाहायचा, हा त्या काळचा विचार खोलीच्या रचनेतच उतरला होता.

कोठारी आयोगाने (1964–66) पहिली दहा वर्षे विज्ञान सर्वांना सक्तीचे असावे, अशी शिफारस केली. महाराष्ट्राने 10+2 हा आकृतिबंध स्वीकारल्यावर अकरावी-बारावीसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राच्या वेगळ्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. माध्यमिक वर्गांच्या वाट्याला मात्र अनेक ठिकाणी एकच सामाईक खोली राहिली. साठ मुलांच्या वर्गाचे तीन गट पाडले, तर प्रत्येक मुलाच्या हाती परीक्षानळी यायला तीन तासिका लागतात, आणि वेळापत्रकात त्या मिळवणे हीच शिक्षकांची खरी अडचण होती.

खाडीपलीकडे परिस्थिती वेगळी होती. 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबई आखताना शाळांसाठी भूखंड राखून ठेवले, त्यामुळे नळ, सांडपाण्याची वाट, दोन दारे आणि सामानाची खोली यांचा विचार इमारत उभी राहण्याआधीच करता येणे शक्य होते. ठाण्यात साध्या वर्गखोलीची प्रयोगशाळा करायची म्हणजे भिंत फोडून पाइप न्यावा लागे. माझ्या मते साहित्याच्या यादीपेक्षा हा फरक मोठा आहे, कारण काचसामान दरवर्षी विकत घेता येते, सांडपाण्याचा उतार नाही.

1974 मध्ये सुरू झालेल्या आणि आज वाशीच्या पुलापलीकडे मानखुर्दला असलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने मुलांनी स्वतः करून पाहण्यावर भर दिला. पुढे 2016 मध्ये नीती आयोगाची अटल टिंकरिंग लॅब योजना आली. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असलेल्या या योजनेत शाळेला 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. थ्रीडी प्रिंटर, सेन्सर आणि सोल्डरिंगच्या या खोलीला विजेचे भरपूर पॉइंट लागतात, पाणी फारसे लागत नाही. रसायनांच्या खोलीची गरज नेमकी उलटी असते, तरी जागेच्या टंचाईमुळे काही शाळांत दोन्ही एकाच खोलीत आल्या आहेत. एका शाळेत जुन्या बेसिनवर प्लायवूड ठोकून त्यावर प्रिंटर ठेवलेला मी पाहिला. दहावीच्या 20 गुणांच्या प्रात्यक्षिकासाठी तिथे पाणी बादलीने आणले जात होते.