फ्लिंटचं शिसं आणि तीन बाटल्या

पाणी उकळलं की निर्धोक झालं, असं आपल्याकडे घरोघरी मानतात. जंतूंपुरतं ते खरं. शिशाचं उलट आहे: वाफ उडून जाते, शिसं भांड्यातच राहतं आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. चुंबक लावून पाणी 'शुद्ध' करणारी यंत्रंही इथे कुचकामी आहेत.

अमेरिकेतलं फ्लिंट हे मोटारी बनवणाऱ्या जनरल मोटर्सचं जन्मगाव. १९६० मध्ये वस्ती दोन लाखांच्या जवळ होती. कारखाने गेले आणि ती निम्म्यावर आली. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवायला डेट्रॉइट शहराकडून येणारं पाणी बंद करून फ्लिंट नदीचं सुरू केलं. ऑक्टोबरात जनरल मोटर्सनं इंजिनांच्या कारखान्यात ते वापरणं थांबवलं, कारण धातूचे भाग गंजत होते. लोकांच्या घरी मात्र तेच येत राहिलं, आणि त्यात नळांचं शिसं उतरू लागलं.

शिशाचे नळ तर आधीही होते. मग तेव्हा काय अडवत होतं? नळाच्या आतला पातळ थर. डेट्रॉइटच्या पाण्यात फॉस्फेट घातलेलं असे. ते शिशाशी संयोग पावून जवळजवळ न विरघळणारं कवच धरतं. फ्लिंटनं फॉस्फेट घातलंच नाही, आणि कवच सुटू लागलं. त्यात पाण्यातल्या क्लोराइड या क्षारघटकाची भर. शिशाचं सोल्डर, म्हणजे नळ जोडायचा डाख, तांब्याच्या नळाला भिडतं तिथे छोटा विद्युतघटच तयार होतो आणि शिसं झिजतं. सल्फेट भरपूर असेल तर झिजत्या जागेवर लेड सल्फेट साचून झीज मंदावते. क्लोराइड शिशाला विरघळतं ठेवतं. म्हणून क्लोराइड-सल्फेट गुणोत्तर पाहायचं: डेट्रॉइटचं सुमारे ०.४५, फ्लिंटचं १.६.

हे उघड झालं ते लीॲन वॉल्टर्स या गृहिणीच्या चिकाटीमुळे. व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या मार्क एडवर्ड्स यांच्या चमूनं पाण्याचे नमुने घ्यायचे ३०० संच पाठवले, नमुने रहिवाशांनी घेतले. सहा तास नळ बंद ठेवायचा, मग पहिली बाटली एक लिटरची, दुसरी ४५ सेकंदांनी, तिसरी दोन मिनिटांनी. पहिलीत घरातल्या तोटीचं आणि जोडांचं शिसं येतं, दुसरीत रस्त्यापासून घरापर्यंतच्या नळाचं. एकच बाटली, तीही आधी नळ वाहू देऊन भरली, तर शिसं सहज निसटतं. प्रयोगशाळा विद्यापीठाची होती, पण पहाटे उठून न चुकता बाटली भरणं घरच्यांनाच जमणार होतं.

ऑक्टोबर २०१५ मध्ये डेट्रॉइटचं पाणी परतलं, नंतर जादा फॉस्फेटही. पण कवच धरायला महिने लागतात. मार्च २०१६ मध्ये रहिवाशांनी त्याच नळांखाली पुन्हा बाटल्या धरल्या.