कोन कळतो, फेरे कळत नाहीत: रेडिओ ध्रुवीकरणाच्या मोजणीची पार्श्वभूमी

दूरच्या दीर्घिकांमधल्या चुंबकीय क्षेत्राचा माग काढायचा तर त्यांच्या रेडिओ लहरींचे ध्रुवीकरण, म्हणजे लहरींच्या कंपनांची ठरावीक दिशा, मोजावे लागते. चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचे सिंक्रोट्रॉन प्रारण मुळातच ध्रुवित असते. क्षेत्र एकसारखे असेल तर 70 टक्क्यांपर्यंत. प्रत्यक्षात हाती लागतात बहुधा काही टक्केच.

1957 मध्ये अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या मेयर, मॅककुलो आणि स्लोनेकर यांनी 3.15 सेंमीवर क्रॅब तेजोमेघाचे रेडिओ ध्रुवीकरण पकडले, 1962 मध्ये सिग्नस ए या रेडिओ दीर्घिकेचे. त्याच वर्षी पार्क्स दुर्बिणीवर कूपर आणि प्राइस यांना सेंटॉरस ए चा ध्रुवीकरण कोन तरंगलांबीनुसार वळताना दिसला. हेच फॅराडे परिभ्रमण: वाटेतल्या चुंबकित, आयनित वायूमुळे कोनाला पडणारे वळण. वळण तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: परिभ्रमण मान (हे वळण किती, ते सांगणारा आकडा) 50 रेडियन प्रति चौ. मीटर असेल तर 3 सेंमीवर जेमतेम अडीच अंश, 21 सेंमीवर 126.

गोम अशी की 180 अंशांनंतर कोन पुन्हा तोच दिसतो. दोनच तरंगलांब्यांवर मोजले तर मध्ये किती अर्धे फेरे झाले, ते कळायला मार्ग नाही. 2009 ची 37,543 स्रोतांची गाजलेली यादी अशीच, 1364.9 आणि 1435.1 मेगाहर्ट्झच्या दोन पट्ट्यांवरून काढलेली. मोठे मान असलेले स्रोत तिच्यात दगा देऊ शकतात.

तोड 1966 मध्येच बर्नने गणितात मांडली होती. शेकडो चॅनेल (वारंवारतेच्या अरुंद पट्ट्या) देणारी यंत्रे आल्यावर ब्रेंट्येन्स आणि द ब्रॉइन यांनी 2005 मध्ये ती वापरात आणली. एकेक मान गृहीत धरायचे, प्रत्येक चॅनेलचा कोन तेवढा उलटा फिरवायचा, सगळ्यांची बेरीज करायची. मान बरोबर असेल तिथे शिखर उभे राहते.

शिखर शून्याजवळ आले तर मात्र आधी यंत्रावर संशय घ्यावा. अँटेनाच्या दोन फीडांमधली (दोन ध्रुवीकरणे वेगवेगळी टिपणाऱ्या ग्राहकांमधली) गळती तरंगलांबीनुसार वळत नाही, म्हणून शून्याजवळ दिसते, आणि ती एकूण तीव्रतेच्या काही टक्के असते, म्हणजे खऱ्या संकेताएवढीच. उपाय जुनाच: एक कॅलिब्रेटर, म्हणजे तुलनेसाठीचा ओळखीचा स्रोत, काही तास अधूनमधून पाहायचा. आकाशातले ध्रुवीकरण अँटेनाच्या तुलनेत वळत जाते, गळती जागची हलत नाही. नेदरलँड्समधल्या वेस्टरबोर्कच्या विषुववृत्तीय बैठकीच्या अँटेना आकाशासोबतच फिरतात, त्यांना ही सोय नाही. तिथे अध्रुवित स्रोतच लागतो. कोनाचे शून्य 3सी286 या क्वासारवरून बसवतात, 1.4 गिगाहर्ट्झला त्याचा कोन 33 अंश. आणि 150 मेगाहर्ट्झला आयनांबराचे (पृथ्वीभोवतीच्या आयनित थराचे) 1 रेडियन प्रति चौ. मीटरसुद्धा कोन सव्वादोनशे अंशांनी फिरवते.