ढोलवाला, डीजे आणि नाचणाऱ्याचे पाऊल : ब्रेकिंगची पार्श्वभूमी

शिमग्यात देवाची पालखी सहाणेवर नाचू लागते तेव्हा जाणत्या ढोलवाल्याचे डोळे ढोलावर नसतात. ते पालखी घेतलेल्यांच्या पायांवर असतात. पाय रंगात आले की तो लय चढवतो आणि खांदा बदलण्याची वेळ आली की हात हलका करतो. रत्नागिरी जिल्ह्यात शिमगा पाहिलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. आपल्याकडे ‘ब्रेकडान्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि नाचणारे स्वतः ‘ब्रेकिंग’ म्हणतात त्या नृत्याचा पाया असाच आहे. या दोन परंपरांचा एकमेकींशी ऐतिहासिक संबंध नाही. तरीही वाजवणाऱ्याने नाचणाऱ्याकडे पाहत संगीत घडवावे ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे, आणि ती ध्यानात घेतल्याशिवाय ब्रेकिंगमधील हालचाल व संगीत यांचे नाते उलगडत नाही.

११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या सभागृहात, सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळा सुरू होण्याआधी एक पार्टी ठेवली. रेकॉर्ड वाजवण्याचे, म्हणजे डीजेचे, काम तिचा भाऊ क्लाइव्ह याने केले. तो पुढे ‘कूल हर्क’ या नावाने प्रसिद्ध झाला. हर्कचा जन्म जमैकातील किंग्स्टनचा, त्यामुळे मोठमोठे स्पीकर लावून रस्त्यावर संगीत वाजवण्याची तिथली रीत त्याच्या परिचयाची होती. आपल्या पार्ट्यांत त्याने एक गोष्ट हेरली : नाचणारी मुले संपूर्ण गाणे नाचत नसत. गायक आणि इतर वाद्ये थांबून केवळ तालवाद्ये उरतात, त्या काही सेकंदांची ती वाट पाहत आणि तो भाग आला की रिंगणात उतरत. त्या भागाला ‘ब्रेक’ म्हणतात. हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर, म्हणजे रेकॉर्ड फिरवणाऱ्या यंत्रांवर, ठेवल्या. एकीवरचा ब्रेक संपत आला की तो दुसरीवर तोच ब्रेक लावी आणि काही सेकंदांचा तुकडा कित्येक मिनिटे चाले. त्या ब्रेकवर नाचणारे ते ‘बी-बॉय’ आणि ‘बी-गर्ल’. माझ्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची बाब हीच आहे. तयार गाण्यावर कोणी नाच बसवला असे येथे झाले नाही. नाचणाऱ्यांची पावले पाहून गाणेच कापले गेले, लांबवले गेले.

जोसेफ सॅडलर, म्हणजेच ग्रँडमास्टर फ्लॅश, या दुसऱ्या डीजेने हेच काम अधिक काटेकोर केले. रेकॉर्डवर क्रेयॉनने खूण करून ती किती फेरे उलटी फिरवली म्हणजे ब्रेक नेमका पहिल्या ठोक्यावर येतो, याचा हिशेब त्याने बसवला. जोडाच्या ठिकाणी ताल सांडेनासा झाल्यामुळे नाचणाऱ्याला पुढचा ठोका कोठे पडेल याचा भरवसा मिळाला, आणि असा भरवसा असल्याशिवाय कोणी हातावर उलटे थांबण्याचे धाडस करत नाही.

हे ब्रेक आले कोठून, तेही पाहिले पाहिजे. अमेरिकन गायक जेम्स ब्राउनच्या फंक या तालप्रधान संगीतात पहिल्या ठोक्यावर मुख्य वजन असे. टाळीचा जोर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर देण्याची सवय असलेल्या श्रोत्यांना ही वेगळी ओढ होती. समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट पाहण्याची सवय असलेल्या आपल्या कानाला मात्र ती चटकन ओळखीची वाटते. ब्राउनचा ड्रमवादक क्लाइड स्टबलफील्ड पहिला ठोका पक्का धरून मधल्या जागा हलक्या, जवळजवळ ऐकू न येणाऱ्या आघातांनी भरत असे. १९७३ साली प्रसिद्ध झालेले इन्क्रेडिबल बाँगो बँडचे ‘अपाची’ या नाचाचे जणू राष्ट्रगीतच ठरले, तेही त्यातील लांबलचक बाँगोवादनामुळे. वजनदार ठोका आणि त्याभोवतीची बारीक बोलणी अशी दोन पातळ्यांवरची वीण या रेकॉर्डांत असल्यामुळे नाचणाऱ्यालाही दोन पातळ्यांवर उत्तर देता आले : शरीराने ठोका धरायचा आणि पायांनी मधल्या जागा भरायच्या.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पोर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबांतील मुलांनी हा नाच मोठ्या प्रमाणावर उचलला. १९७७ मध्ये ब्रॉन्क्समध्ये ‘रॉक स्टेडी क्रू’ हा गट स्थापन झाला. ब्रुकलिनमध्ये ‘रॉकिंग’ नावाचा वेगळा नाच होता; त्यात समोरासमोर उभे राहून, स्पर्श न करता, वार केल्यासारखे हावभाव तालावर करत. त्याची छाया ब्रेकिंगच्या सामन्यांवर दिसते. डबलबारीत, म्हणजे भजनाच्या सामन्यात, समोरच्या बुवाला बारीतूनच उत्तर द्यावे लागते, तसे येथे समोरच्या नाचणाऱ्याला नाचूनच उत्तर द्यावे लागते.

या काळात नाचाचे चार भाग स्थिर झाले. उभ्याने घेतलेली पावले म्हणजे टॉपरॉक, हात जमिनीला टेकवून केलेले पायकाम म्हणजे फूटवर्क, अंगाच्या गिरक्या म्हणजे पॉवर मूव्ह, आणि एखाद्या आघातावर अचानक गोठून जाणे म्हणजे फ्रीझ. यांतील फूटवर्कचा मूळ धडा ‘सिक्स-स्टेप’ हा सहा पावलांचा फेरा आहे, आणि त्यात संगीताचा एक सुंदर पेच दडला आहे. संगीत चार-चार ठोक्यांचे आणि पावले सहा असल्यामुळे प्रत्येक ठोक्याला एक पाऊल धरले तर दुसरा फेरा पहिल्या ठोक्यावर सुरू होतच नाही; दोन फेरे, म्हणजे बारा ठोके झाल्यावरच पाऊल आणि ठोका पुन्हा एकत्र येतात. शिकाऊ मुलगा पावले मोजत राहतो आणि ठेका हरवतो. मुरलेला नाचणारा एखादे पाऊल लांबवतो, एखादे गाळतो किंवा दुप्पट लयीत घेतो आणि हवे तेव्हा समेवर येतो. तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला बोल, जशी नेमकी समेवर पडते, तसा त्याचा फ्रीझ पडतो. शक्ती-तुऱ्याच्या जाखडीत, म्हणजे कोकणातल्या त्या नाचात, चाळ बांधलेला पाय चुकला तर तो सर्वांना ऐकू येतो; ब्रेकिंगमध्ये पायात चाळ नसते, पण रिंगणातील जाणकारांचे कान तितकेच तिखट असतात.

१९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरपाशी रॉक स्टेडी क्रू आणि डायनॅमिक रॉकर्स या गटांचा सामना झाला आणि वृत्तपत्रांचे लक्ष या नाचाकडे वळले. पुढच्या दोन-तीन वर्षांत चित्रपट आणि जाहिराती आल्या. छायाचित्रात डोक्यावरची गिरकी उठून दिसते, समेवर पडलेले पाऊल दिसत नाही. त्यामुळे जगभर पोहोचली ती प्रामुख्याने कसरत, असे मला वाटते. भारतातही ‘ब्रेकडान्स’ हा शब्द आला तो याच लाटेबरोबर. मुंबईत नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘रेड बुल बीसी वन’ या ब्रेकिंगच्या स्पर्धेची जागतिक अंतिम फेरी झाली, तोवर मधली साडेतीन दशके निघून गेली होती.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ९ आणि १० ऑगस्टला ब्रेकिंगच्या स्पर्धा झाल्या. जपानची अमी आणि कॅनडाचा फिल विझार्ड यांनी सुवर्णपदके जिंकली. परीक्षणाचे निकष पाच होते आणि त्यांतील एक संगीताशी असलेल्या नात्याचा होता. त्याला बाकीच्या चार निकषांपैकी प्रत्येकाइतकेच वजन होते. संगीत डीजे निवडत होता आणि कोणते गाणे लागेल हे स्पर्धकाला आधी कळत नव्हते.

रत्नागिरी, चिपळूण किंवा सावंतवाडीत मोबाइलवर पाहून हा नाच शिकणाऱ्या मुलांची अडचण नेमकी येथेच आहे. छोट्या व्हिडिओंवर बहुधा मूळ संगीत काढून चलतीतले गाणे चिकटवलेले असते. हालचाल दिसते, पण ती कोणत्या आघाताला दिलेले उत्तर होती ते ऐकू येत नाही, आणि मग एकाच गाण्यावर घोटलेली गिरकी दुसऱ्या गाण्यावर अधांतरी राहते. वास्तविक या मुलांचे कान रिकामे नाहीत, ते ढोल-ताशात वाढले आहेत. सरावाच्या वेळी एकाने फोन हाती ठेवून, न सांगता ब्रेक बदलत राहावे, आणि तो कधी बदलायचा हे नाचणाऱ्याच्या पायांकडे पाहून ठरवावे, एवढी सोय गावातल्या खळ्यातही होऊ शकते.