फोल्कहेम

स्वीडनच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने १९२० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आणलेली राजकीय संकल्पना; शब्दशः अर्थ ‘लोकांचे घर’. देश हे सर्व लोकांचे घर आहे आणि चांगल्या घरात जी रीत असते तीच देशाच्या कारभारात असली पाहिजे, हे तिचे सार. पक्षाचे नेते पेर आल्बिन हान्सन (१८८५–१९४६) यांनी १८ जानेवारी १९२८ रोजी संसदेच्या दुसऱ्या सभागृहात केलेल्या भाषणाने ती रूढ झाली. मतदाराला आधीच पटलेले एखादे मूल्य हाती धरून पक्ष आपल्या पारंपरिक मतदारवर्गाबाहेर कसा पोहोचू शकतो, हे समजून घेण्यासाठी याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

शब्द हान्सन यांचा नव्हता. रुडॉल्फ शेलेन या परंपरावादी राज्यशास्त्रज्ञानेही तो त्यांच्या आधी वापरला होता, आणि घर, देश, आपुलकी ही सारी भाषा तोवर प्रामुख्याने उजव्या बाजूची मानली जाई. कामगारांचा पक्ष बोलायचा तो वर्ग, संघर्ष आणि उत्पादनसाधनांची मालकी या परिभाषेत. हान्सन गवंड्याचा मुलगा; शाळा जेमतेम चार वर्षांची. त्यांनी ही भाषा विरोधकांकडे राहू दिली नाही. चांगल्या घरात कोणी विशेष लाडके नसते आणि कोणी सावत्र नसते, तिथे कोणी कोणाला तुच्छ लेखत नाही, बलवान दुर्बळाला दाबत नाही की लुबाडत नाही, असे त्यांनी सांगितले. मग याच कसोटीवर त्या काळच्या स्वीडनला उभे केले: मताचा अधिकार सर्वांना मिळाला, पण संपत्ती आणि सत्ता मूठभरांच्या हाती राहिली. पंक्तिप्रपंच वाईट, हे मानायला कोणाला समाजवादी असावे लागत नाही. लहान शेतकरी, कारकून, शिक्षिका, दुकानदार यांपैकी कोणीही ते भाषण ऐकून आपल्याला त्यात जागा आहे असे म्हणू शकत होते.

तरीही त्याच वर्षी, सप्टेंबर १९२८ च्या निवडणुकीत, पक्ष हरला, आणि संकल्पनेचा अभ्यास करताना हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरते. प्रचारात घर मागे पडले. पुढे आला तो पक्षाचे आर्थिक विचारवंत अर्न्स्ट विग्फोर्स आणि सहकाऱ्यांनी मांडलेला वारसा कर वाढवण्याचा प्रस्ताव. जोडीला कम्युनिस्टांशी केलेली निवडणूक आघाडी होती. उजव्यांनी या दोन्हींची सांगड घालून कामगार पक्षाला मत म्हणजे मॉस्कोला मत, असा प्रचार केला. बाप-आजाने जमवलेले चार पैसे सरकार हिरावून घेणार, ही भीती ज्यांच्याकडे फारसे काही नव्हते त्यांनाही शिवली. १९२४ मध्ये १०४ जागा मिळवणारा पक्ष ९० वर आला. सभागृहात एकदा उच्चारलेले मूल्य मतदारापर्यंत आपोआप पोहोचत नाही. पक्ष प्रत्यक्षात ज्या मुद्द्यावर लढतो, त्या मुद्द्यातून ते दिसावे लागते.

पुढची चार वर्षे बेकारीची आणि अस्वस्थतेची होती. मे १९३१ मध्ये ओडालेन येथे संपकाळातील मोर्चावर सैन्याने गोळीबार केला आणि ५ जण ठार झाले. मार्च १९३२ मध्ये आगपेटी-सम्राट ईव्हार क्रूगर यांच्या मृत्यूनंतर त्यांचे आर्थिक साम्राज्य कोसळले. त्यांच्याकडून देणगी घेतल्याचे उघड झाल्याने पंतप्रधान कार्ल गुस्ताव एकमन यांना ऐन निवडणुकीच्या तोंडावर पद सोडावे लागले. या वेळी सोशल डेमोक्रॅट उद्योगांच्या राष्ट्रीयीकरणाबद्दल फार बोलले नाहीत. बेकाराला चालू दराने मजुरी देऊन सरकारने काम द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. ‘आपल्याला काम करणे परवडते का?’ या नावाच्या विग्फोर्स यांच्या पुस्तिकेने देश गरीब असल्यामुळे हात रिकामे ठेवावे लागतात, या समजुतीतला विपर्यास सामान्य वाचकाला समजेल असा उलगडून दाखवला. १९२८ च्या करप्रस्तावातली बुद्धी आणि या पुस्तिकेतली बुद्धी एकाच माणसाची आहे. फरक पडला तो कोणत्या मूल्याला आवाहन केले यात. पक्षाला ४१.७ टक्के मते मिळाली आणि हान्सन पंतप्रधान झाले.

बहुमत मात्र नव्हते. १९३३ मध्ये शेतकरी पक्षाशी समझोता झाला: शेतमालाच्या भावांना संरक्षण, बदल्यात बेकारांसाठी सार्वजनिक कामे. ‘गाईंचा सौदा’ या नावाने तो ओळखला जातो. सौदाच होता तो. पण शेतकरी आणि कामगार एकाच घरातले, हे आधी सांगून ठेवले होते म्हणूनच दोन्ही बाजूंच्या मतदारांना तो फसवणुकीसारखा वाटला नाही. १९३६ मध्ये पक्षाची मते ४५.९ टक्के झाली, तर १९४० च्या युद्धकालीन निवडणुकीत ५३.८ टक्के. १९३६ च्या उन्हाळ्यातील काही आठवडे सोडले तर १९७६ पर्यंत पंतप्रधानपद याच पक्षाकडे राहिले.

कायद्यांची घडणही त्या मूल्याला धरून होती. १९३८ मध्ये दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. १९४८ पासून प्रत्येक मुलासाठी वर्षाला २६० क्रोनांचा बालभत्ता सुरू झाला, आणि तो देताना आईबापांची मिळकत विचारली जात नसे. गरिबांना वेगळ्या रांगेत उभे न करता सर्वांना एकच हक्क देण्याचा हा निर्णय पक्षाच्या कोणत्याही घोषणेपेक्षा जास्त बोलका होता. हान्सन स्वतः पंतप्रधान असताना स्टॉकहोमच्या ओल्स्टेन भागात एका साध्या रांगघरात राहत आणि ट्रामने ये-जा करत. अशा माणसाच्या तोंडी घराची भाषा शोभली.

या घराची काळी बाजू झाकून ठेवता येत नाही. १९३४ च्या कायद्याने निर्बीजीकरणाला परवानगी दिली आणि १९४१ मध्ये तिची व्याप्ती वाढवली. हा कायदा १९७५ पर्यंत टिकला. त्या काळात सुमारे ६३ हजार लोकांची, बहुतांश स्त्रियांची, निर्बीजीकरणे झाली, आणि त्यांतल्या अनेकांवर दबाव किंवा सक्ती होती. सर्व प्रमुख पक्षांचा याला पाठिंबा होता; पण सावत्र कोणी नसावे असे म्हणणाऱ्या पक्षाचा दोष त्याने कमी होत नाही. १९९९ मध्ये भरपाईचा कायदा झाला.

एकविसाव्या शतकात ही प्रतिमा पुन्हा वादात ओढली गेली आहे. स्थलांतराला विरोध करणारा स्वीडन डेमोक्रॅट्स हा पक्ष आपणच फोल्कहेमचे खरे वारस असल्याचा दावा करतो. २०२२ मध्ये तो २०.५ टक्के मतांसह दुसऱ्या क्रमांकावर आला. हान्सन यांच्या भाषणात घरातल्यांनी एकमेकांशी कसे वागावे हे ठासून सांगितले होते. घरातले कोण, या प्रश्नावर त्या भाषणाचा भर नव्हता, आणि आजचा सगळा वाद त्याच प्रश्नावर चालू आहे.